या बाईंना ओळखता का?

मार्केट यार्डाची भिंत सुरू झाली, तशी हिराने ओढणी तोंडावर घेतली. नाकावरून एक वेढा, मागे गाठ, आणि उरले फक्त डोळे. पुण्यात बायका गाडीवर बसताना असं तोंड बांधतात, त्यात नवल नाही. पण आम्ही चालत होतो. ऊनही नव्हतं. बिबवेवाडीपासून इथपर्यंत ती उघड्या तोंडाने बोलत आली होती, आणि यार्डाचं शेवटचं गेट मागे पडलं की ती गाठ सोडणार, हे मला ठाऊक होतं. वर्षभर हेच चाललं होतं.

मी दर संकष्टीला सकाळी बिबवेवाडीहून दगडूशेठला चालत जाते. नवस वगैरे काही नाही. आमचे हे गेल्यावर सुरू केलं आणि चालू राहिलं. गेली पाच वर्षं हिरा ओव्हाळ माझ्याबरोबर असते. तिचं घर बौद्ध. ती आत येत नाही, बाहेर माझ्या चपलांपाशी उभी राहते. मी कधी आग्रह केला नाही, तिने कधी कारण दिलं नाही. चालायला सोबत हवी, एवढाच आमचा करार.

"तुमचा गणपती रुसत नाही ना माझ्यावर?" तिने एकदा विचारलं होतं.

"त्याच्याकडे एवढी गर्दी. कोण आत आलं नाही, हे बघायला त्याला वेळ कुठाय?"

"म्हणजे हजेरीपट नाही. चांगलं ऑफिस आहे."

तर ती ओढणी. तिच्यावरून माझ्या मनात नाही नाही ते येऊन गेलं होतं. यार्डात कुणीतरी आहे, ज्याच्या नजरेस हिराला पडायचं नाही, एवढं नक्की. कुणाशी भांडण? की काही भलतंच? नवरा बिचारा रिक्षा सोडून पाठदुखीने घरी बसलेला, आणि ही बाई एका विशिष्ट भिंतीपाशी तोंड लपवते. असले विचार आले म्हणून देवापुढे कान पकडले मी, पण पुढच्या संकष्टीला भिंत आली की पुन्हा तेच. विचारायची सोय नव्हती. प्रश्न विचारणं हे हिराचं काम, उत्तरं देणं आमचं.

हे मी थट्टेने म्हणत नाही. तिचं कामच ते. एखाद्या कंपनीने नवा माणूस नेमला की त्याने लिहिलेला पत्ता खरा आहे का, त्या पत्त्यावर तोच माणूस राहतो का, हे बघायला एक एजन्सी नेमतात. एजन्सी हिराला पाठवते. हातात माणसाचा फोटो आणि एक फॉर्म. सतरा वर्षं तिने पुण्याचे जिने चढले आहेत. दोन शेजाऱ्यांना फोटो दाखवायचा आणि विचारायचं, "यांना ओळखता का?" आधी फोटो, नाव नंतर. नाव आधी सांगितलं की लोक फोटो न बघताच हो म्हणतात, असं तिचं म्हणणं.

आमची ओळख अशीच झाली. माझ्या अनिरुद्धला खराडीत नोकरी लागली होती. दार वाजलं, बाहेर ही. सावळी, काटकुळी, पुढचा एक दात अर्धा तुटलेला, खांद्याला कापडी पिशवी. मी पाणी दिलं. तिने घेतलं नाही. चहा विचारला, नको म्हणाली. मला राग आला. आमच्या घरचं पाणी न पिणारी ही कोण? पुढे कळलं, कुणाकडे काही घ्यायचं नाही असा कामाचा नियम आहे. तिची नजर भिंतीवरच्या ह्यांच्या फोटोवर गेली.

"हे कोण?"

"आमचे हे. गेले."

"कधी?"

"माणूस गेला म्हटल्यावर तारीख विचारतात का हो?"

"फॉर्मवर वडील हयात लिहिलंय."

मी वाकून फॉर्म बघितला. अनिरुद्धने घाईत भलत्या चौकोनावर बोट टेकवलं होतं. हिराने फॉर्म मिटला, पिशवीत घातला आणि म्हणाली, "मी उद्या येते. तोवर मुलाला दुरुस्त करायला सांगा. आज मी आलेच नाही."

अशी करडी बाई एकदम अशी का वागली, याचाही मला तेव्हा संशयच आला होता.

यार्डाचं शेवटचं गेट मागे पडलं. हिराने गाठ सोडली आणि स्वारगेटच्या पुलाखाली एका कट्ट्यावर बसली. सहसा ती वाटेत बसत नाही.

"ताई, एक दाखवायचंय. पण आधी काही सांगणार नाही. नुसतं बघा."

तिने मोबाइल पुढे केला. फोटोत एक बाई होती. काळा कोट, पांढरा शर्ट, मागे काचेचं ऑफिस. गोरीपान. केस पार्लरमधून आल्यासारखे. दात सगळे जागच्या जागी.

"कुणी ओळखीची आहे का तुझ्या?" मी म्हटलं.

हिराने मोबाइल आणखी जवळ धरला. तेव्हा मी डोळ्यांकडे नीट बघितलं. डोळे हिराचे होते.

मी शाळेच्या कचेरीत तीस वर्षं लिपिक होते. दहावीच्या अर्जांवर फोटो चिकटवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. पावडर थापलेली पोरं, दादाचा शर्ट घातलेली पोरं, सगळं बघितलंय. पण हे तसं नव्हतं. हिराच्या हनुवटीवरचा तीळ नव्हता. कपाळावर लहानपणची खोक होती, ती बुजली होती. आणि गळ्यातल्या काळ्या मण्यांचा एक पदर कोटाच्या कॉलरपाशी येऊन नुसताच विरून गेला होता. पलीकडे निघालाच नव्हता.

"हे कुणी केलं?"

"ऋतिकाने. मोबाइलमध्ये. दोन मिनिटांत."

ऋतिका म्हणजे तिची लेक, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मग सगळं बाहेर आलं. या महिन्यानंतर एजन्सी माणसं पाठवणारच नाही. ज्याची नोकरी, त्याने आपल्याच दारात उभं राहून मोबाइलवर फोटो काढून पाठवायचा, काम झालं. हिराला तीन ओळींचं पत्र आलं होतं. खराडीतल्या एका कंपनीत कागदपत्रं तपासायची जागा होती, टेबलावरची. पण अर्ज कागदावर घेत नाहीत. नोकरीधंद्याच्या त्या साइटवर आपलं पान लागतं, आणि पानावर फोटो.

"पहिल्यांदा मी आयकार्डचा लावला," हिरा म्हणाली. "तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. ऋतिका म्हणाली, आई, हा फोटो बघून लोक दार उघडणार नाहीत, कडी लावतील."

"बरोबर आहे तिचं," मी म्हटलं. तो आयकार्डचा फोटो मी बघितलेला होता.

"मग लग्नातला एक कापून लावला. तर माझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिला. नुसता हात. असा फोटो माझ्यासमोर आला असता तर मी आधी विचारलं असतं, हा हात कुणाचा? मग ऋतिकाने हा लावला. दोन दिवसांत चार जणांनी पान बघितलं."

"चार जण कोण?" मला लगेच संशय आला.

"एक जण घरबसल्या काम देतो म्हणाला. त्याला मीच तपासलं, पत्ताच नव्हता. दोघं कोण ते कळलं नाही. चौथी शेफाली, खराडीची. तिचा फोन आला. प्रोफाइल मस्त आहे मॅडम, सोमवारी अकराला भेटायला या."

"मग झालं की!"

"काय झालं? सोमवारी ती दारात कुणाची वाट बघणार आहे, ताई? या कोटवालीची. आणि जिना चढून येणार मी. कंपनी कसली आहे? खोटे कागद पकडायची. पहिला खोटा कागद मीच."

"मग बदल फोटो."

"आज बदलला तर तिला कळणार, काहीतरी लपवाछपवी आहे. मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. नाही बदलला तर तोंडावर कळणार. आणि आयकार्डचा परत लावला तर ती सोमवारच रद्द करेल. ऋतिकाला ओरडले, तर मलाच विचारते, आजोबांच्या फोटोतला कोट तरी कुणाचा होता?"

हिराच्या घरात तिच्या वडिलांचा एकच फोटो आहे. खडकीच्या कारखान्यात कामाला होते. फोटोत कोट घालून, ताठ, कॅमेऱ्यात रोखून बघत उभे. कोट स्टुडिओचा. बटण लावलेलं नाही, कारण लागत नव्हतं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, कोट स्टुडिओचा होता, तोंड त्यांचं होतं. तर म्हणते, आई, तू जास्तच सिरीयस होतेस, सगळे असेच लावतात, कोणी चेक करत नाही." हिरा उठली. "सतरा वर्षं मी कोण होते मग?"

आम्ही शुक्रवार पेठेतून चालू लागलो. मी मनात म्हटलं, आता नाही विचारलं तर कधीच विचारणं होणार नाही.

"हिरा, खरं सांग. यार्डापाशी तू तोंड का बांधतेस?"

तिने चालण्याचा वेग वाढवला. मला वाटलं, संपलं, पुढच्या संकष्टीपासून ही आपल्याबरोबर येणार नाही.

"आठ वर्षं झाली," ती म्हणाली. "फुरसुंगीच्या पलीकडचं गाव. इंद्रजीत नावाचा मुलगा. घराला कुलूप, सगळे लग्नाला गेलेले. मी शेजारी गेले. सोनबा म्हणून म्हातारा होता, त्याला फोटो दाखवला. तो म्हणाला, 'ह्यो आमच्या गावचा न्हाय. कोटवालं कुणी हाय का हितं?' समोर वेणूबाई होत्या. त्या म्हणाल्या, 'पोरगं लई गोरं हाय, आमच्याकडं येवढं गोरं कुणी न्हाय.' दोघं नाही म्हणाले. नियम असा की दोघं नाही म्हणाले की फॉर्म बंद. मी लिहिलं, या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही."

"आणि नाव? नाव नाही विचारलंस?"

"आधी फोटो, नाव नंतर. नंतर आलंच नाही. त्या दिवशी अजून सहा पत्ते होते."

तीन आठवड्यांनी तो मुलगा एजन्सीच्या ऑफिसात आला. हातात रेशनकार्ड, लाइटबिल, शाळेचा दाखला. तोच फोटो आपल्या गालाशी धरून हिरासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, मीच तो."

"मी दोन्हीकडे बघितलं ताई. डोळे सोडून काही जुळत नव्हतं. स्टुडिओवाल्याने त्याला दुधासारखा केला होता. भुवईवरची खूण पुसली होती. वरून कोट चढवला होता. त्याला विचारलंही नव्हतं. तो म्हणाला, मला वाटलं फोटो असाच येतो. मी दुसरा रिपोर्ट लिहिला, साहेबांच्या मागे लागले. कंपनी म्हणाली, जागा भरली."

"आणि तो यार्डात..."

"मागच्या वर्षी दिसला. कांद्याच्या गाळ्यात, काट्यापाशी, वजनं सांगत होता. त्याने मान वर केली. ओळखलं की नाही, ते कळायच्या आत मी ओढणी घेतली."

माझ्या दारात उभी राहून 'आज मी आलेच नाही' म्हणणारी हिरा मला आठवली. आणि वर्षभर मी काय काय समजत होते, तेही.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या अलीकडे, एका जिन्याच्या वर स्टुडिओ आहे. हिराने तो आधीच हेरून ठेवला होता. मालक सत्तरीचे, चष्मा कपाळावर.

"पासपोर्ट की स्थळ?" त्यांनी न बघताच विचारलं.

"नोकरी," हिरा म्हणाली.

आता त्यांनी चष्मा खाली घेतला. "आपलं वय?"

"फोटोत येईल तेवढं."

"येतं. काढूनही टाकता येतं."

"काही काढायचं नाही. काही घालायचंही नाही."

"मग माझ्याकडे कशाला आलात? आरसा घरी आहे ना?"

पण माणूस कामाचा होता. त्यांनी तिला खिडकीकडे तोंड करून बसवलं, मागचा निळा पडदा काढून साधा करडा लावला. ओढणी नीट करायला सांगितली. खांदे थोडे तिरके, तोंड सरळ, डोळे कॅमेऱ्याच्या भिंगात.

"अहो, जरा सैल बसा. माझ्याकडे रेशनकार्ड मागितल्यासारखं बघताय."

"सवय आहे."

"मग असं समजा, की मी ते दाखवलं. आणि ते खरं निघालं."

हिरा हसली नाही. पण कपाळाची आठी गेली. तेवढ्यात त्यांनी फोटो काढला.

मग ते संगणकापाशी बसले, तशी हिरा उठून त्यांच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. फोटो पडद्यावर आला आणि त्यांचा हात आपसूक कोपऱ्यातल्या कुठल्याशा पट्टीकडे गेला. पडद्यावरचा हिराचा चेहरा एकदम गोरा झाला, तीळ आणि खोक पुसली गेली.

"हात!" हिरा एवढ्या जोरात म्हणाली की मीही दचकले.

"अहो, मुद्दाम नाही केलं. हात जातो. चाळीस वर्षं सगळ्यांना हेच हवं असतं."

"सगळ्यांना विचारलं होतंत?"

त्यांनी पट्टी होती तिथे मागे नेली. तीळ आला, खोक आली, रंग आला. हिराने तिथेच दोन्ही फोटो कागदावर छापून घेतले, हाही आणि मोबाइलमधला कोटवालाही. एकाच मापाचे.

फोटो सुंदर होता असं मी म्हणणार नाही. पण आयकार्डसारखा चोरटाही नव्हता. समोरच्याचं म्हणणं ऐकून घेते आहे, अशी बाई दिसत होती ती. हा फोटो बघून ती शेफाली सोमवारी थांबेल का? की दुसरं कुणी कोटवालं बघेल? मला खात्री देता येत नव्हती, आणि खोटी खात्री हिराला चालली नसती.

दर्शनाला रांग होती. मी आत गेले, हात जोडले. दरवेळी मागते ते मागायचं विसरले. एवढंच म्हटलं, हिचं तोंड हिला परत मिळू दे, आणि नोकरीही. दोन्ही मागणं जास्त होतंय का, हेही विचारलं.

बाहेर आले तर हिरा चपलांपाशी उभी. दोन्ही हातांत दोन फोटो. एक जवळ धरायची, एक लांब, मग उलट.

"काय ठरवलंस?"

"मी ठरवायचं नाही. ज्याचा फोटो, त्याला विचारत नाहीत. ऋतिका माझी लेक, ती दोन्हीत मला ओळखणार. तुम्ही तर डोळ्यांवरून ओळखलंत. तुम्ही दोघी बाद." तिने फोटो पाकिटात घातले आणि पाकीट माझ्या हातात दिलं. "ताई, एक काम कराल? उद्या सकाळी यार्डात जाल?"

मला कळलं, तरी मी विचारलं, "कुणाकडे?"

"कांद्याचा गाळा, काट्यापाशी. डाव्या भुवईवर खूण आहे. दोन्ही फोटो दाखवा आणि विचारा, या बाईंना ओळखता का? कोटवाला आधी द्या. तो ज्यात मला ओळखेल, तो मी आजन्म लावेन. सोमवारी काय व्हायचं ते होऊ दे."

"तूच का नाही जात?"

"आपल्या पडताळणीला आपण जायचं नसतं. मी गेटाबाहेर थांबते. तोंड न बांधता."

"आणि दोन्हीत नाही ओळखलं तर?"

"तर नाव सांगा. माझं पूर्ण नाव. त्याच्या वेळी मी त्याचं सांगितलं नव्हतं." मग मी चपला घालायला वाकले, तेव्हा वरून तिचा आवाज आला, "आणि ताई, तो म्हणेल ते जसंच्या तसं लिहून आणा. शिवी दिली तर शिवीही. माझ्यासाठी म्हणून काही गाळू नका."